एकट्याचा प्रवास आणि काठावरची माणसे

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे झाले आणि थंडीने जोर धरला की पुण्याहून पूर्वेकडे जाणाऱ्या सोलापूर रस्त्यावर पहाटेच्या अंधारात एक निराळीच वर्दळ दिसू लागते. डोक्यावर शिरस्त्राण, अंगावर घट्ट रंगीत पोशाख, मागे लुकलुकणारा तांबडा दिवा. हे सायकलस्वार हडपसर, यवत, पाटस मागे टाकीत भिगवणला पोहोचतात, उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी घटकाभर थांबून रोहित पक्ष्यांची छायाचित्रे घेतात आणि परत फिरतात. जाऊन-येऊन सुमारे दोनशे किलोमीटर भरतात. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करणे ही दीर्घ पल्ल्याच्या सायकलस्वारीची आंतरराष्ट्रीय मान्यतेची पहिली पायरी मानली जाते आणि भिगवण हे जणू त्या पायरीच्या मापानेच वसलेले गाव आहे. ही तालीम पुरी झाली की पुढचे स्वप्न कोकणचे असते. रेवसपासून रेडीपर्यंत, समुद्र उजव्या हाताला ठेवून, सारा किनारा सायकलवरून आणि तोही एकट्याने.

या प्रवासांची वर्णने आता रविवारच्या पुरवण्यांतून, व्याख्यानांतून आणि सत्कारसमारंभांतून सर्वत्र ऐकू येतात. त्यांचा साचा ठरलेला आहे. नोकरीतून आठ दिवसांची सुट्टी, घरच्यांचा विरोध, पहिल्या घाटातील दमछाक, खाडीवरील फेरीबोट, कोणा आजीने दिलेली सोलकढी, मावळता सूर्य, आणि शेवटी जिद्द असेल तर अशक्य काहीच नाही हा उपदेश. श्रोते टाळ्या वाजवितात. महाविद्यालयांतील तरुणांना या प्रवाशांचा आदर्श ठेवण्यास सांगितले जाते. ज्या तरुणाला वडिलांच्या कर्जापायी शिक्षण सोडावे लागले, त्यालाही सांगितले जाते की, बाबा रे, सारे काही तुझ्या मनगटात आहे.

सायकल चालविणाऱ्यांविरुद्ध तक्रार करण्याचे कारण नाही. अंगमेहनतीची लाज वाटण्याच्या काळात कोणी स्वतःच्या पायांच्या बळावर पाचशे किलोमीटर जात असेल, तर त्याचे कौतुक व्हावयासच हवे. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने २०१८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. पुण्याच्याच प्रीती मस्के यांनी संसार सांभाळून देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विक्रमी वेळात सायकल नेली. या स्त्रियांच्या धैर्याला उणेपणा आणणारे काही लिहिणे क्षुद्रपणाचे होईल. वाद आहे तो एका शब्दाशी आणि त्या शब्दाच्या आडून चाललेल्या व्यवहाराशी. तो शब्द म्हणजे ‘एकट्याने’.

एकट्याने म्हणजे नेमके कसे? भिगवणच्या आसपासचे जे आडरस्ते या सायकलस्वारांना निवांत म्हणून आवडतात, ते कोणी बांधले? १९७२ च्या दुष्काळात इंदापूर, बारामती, करमाळा, कर्जत या तालुक्यांतील हजारो स्त्रीपुरुष दुष्काळी कामांवर खडी फोडीत होते. डोक्यावर फडक्याची सावली केलेल्या, कडेला तान्हे मूल निजविलेल्या बायांनी हातोडीने फोडलेली ती खडी अनेक रस्त्यांच्या पोटात आजही आहे. त्याच दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. कोकणातही तेच. खाडी ओलांडून देणारा तांडेल, रात्री ओसरी उघडणारे घर, पंचायतीची विहीर, प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका, सायकल मोडलीच तर ती टपावर टाकून नेणारी एसटी, हे सारे ज्याच्या पाठीशी उभे आहे त्याला एकटा म्हणणे म्हणजे दिंडीतल्या वारकऱ्याने आपण एकट्यानेच पंढरपूर गाठले असे सांगण्यासारखे आहे. हा प्रवास समाजाच्या खांद्यावरून होतो. त्या खांद्यांचा उल्लेख वर्णनात येतो तो ‘कोकणी माणसाचा साधेपणा’ एवढ्या दोन शब्दांत, आणि सोलकढीपुरता.

सायकलचा इतिहास काही असा नव्हता. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले. त्यांतील अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगारा हे तिघे १९२८ साली प्रदक्षिणा पुरी करून परतले. पराधीन देशातील माणूस जगाच्या रस्त्यावर ताठ मानेने चालू शकतो हे त्यांना दाखवावयाचे होते. त्यांचे धाडस स्वतःपुरते नव्हते. १९८५ च्या डिसेंबरात बाबा आमटे यांच्या भारत जोडो अभियानात शंभराहून अधिक तरुण-तरुणी कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलवर निघाले, तेव्हा देश हिंसाचाराने होरपळलेला होता आणि त्या सायकली गावोगाव थांबत, माणसांशी बोलत जात होत्या. किती दिवसांत पोहोचलो हा तेथे प्रश्नच नव्हता. किती ठिकाणी थांबलो याला महत्त्व होते.

आणि या दोन्ही प्रवासांहून मोठा प्रवास ज्याची कोठेच नोंद नाही तो गिरणीकामगाराचा, दूधवाल्याचा, पोस्टमनचा, शाळामास्तरांचा आणि खेडोपाडी सभासदनोंदणीची पावतीपुस्तके पिशवीत घेऊन हिंडणाऱ्या कार्यकर्त्याचा. पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात होते ते काही हौशी विक्रमवीरांमुळे नव्हे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातील पाळीला आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांच्या भोंग्याला धावणाऱ्या सायकलींनी त्याला ते नाव दिले. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल असल्याची नोंद आहे आणि शेती व घरगुती उद्योग वगळता इतर कामांवर जाणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलने जात होते. अडीच कोटींहून अधिक माणसे रोज एकट्यानेच जातात. त्यांचा सत्कार कोणी करीत नाही, कारण त्यांना परत यावयाचे असते ते पाळी संपवून.

आता भिगवणच्या त्या काठाकडे पाहावयाचे आहे, जेथे छायाचित्र काढून सायकलस्वार परत फिरतो. हा किनारा निसर्गाने घडविलेला नाही. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात भीमेवर उजनी येथे धरणाचे काम सुरू झाले आणि १९८० साली ते पुरे झाले. सुमारे ११७ टीएमसी पाणी त्यात मावते. त्यांपैकी ६३ टीएमसीहून अधिक साठा मृत, म्हणजे धरणाच्या दारांतून खाली न सोडता येणारा. या पाण्याखाली इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत, माढा या तालुक्यांतील भीमाकाठची काळी जमीन गेली, गावठाणे गेली, देवळे गेली. पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि मग त्याचीही छायाचित्रे छापून येतात. धरणाचे काम सुरू झाले तेव्हा महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. तो १९७६ साली झाला, आणि झाला तोही बाबा आढाव, दत्ता देशमुख यांच्यासारख्यांनी धरणग्रस्तांना संघटित करून सरकारच्या दारात आणून उभे केले तेव्हा. आधी धरण, मग कायदा, मग जमीन, मग त्या जमिनीला पाणी, असा हा क्रम; आणि प्रत्येक टप्प्यावर एकेक पिढी खर्ची पडली.

धरणाच्या खाली सोलापूर जिल्ह्यात ऊस उभा राहिला. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने आज त्या जिल्ह्यात आहेत. काठावरही ज्याला विजेचा पंप आणि लांब जलवाहिनी परवडली त्याचा ऊस उभा राहिला. ज्याची जमीन गेली आणि पंपही आला नाही, त्याच्या वाट्याला जाळे आले, नाहीतर उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या गाळपेराच्या जमिनीचा तुकडा आला. भिगवणचा मासळी बाजार प्रसिद्ध आहे. त्या बाजारात कटला-रोहूपेक्षा चिलापीचेच ढीग अधिक दिसतात, कारण पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे मैलापाणी मुळा-मुठा आणि भीमा यांतून येथवर वाहत येते आणि त्या पाण्यात चिलापीच तग धरते. ज्या शहरातून सायकलस्वार पहाटे निघतो, त्याच शहराची घाण त्याच्या आधी भिगवणला पोहोचलेली असते. निळ्याशार पाण्याची वर्णने लिहिणाऱ्यांना ती दिसत नाही असे नाही; छायाचित्राच्या चौकटीत ती घेतली जात नाही, इतकेच.

येथे कोणी म्हणेल की, एका तरुणाच्या छंदातही या मंडळींना शोषणच दिसते. पर्यटनाने काठावरच्या लोकांना चार पैसे मिळतात हे का दिसत नाही? मिळतात हे खरेच आहे. कुंभारगाव, डिकसळ या बाजूचे कितीतरी मासेमार हिवाळ्यात पाहुण्यांना होडीतून पक्षी दाखवितात. पट्टकादंब कोणता, चित्रबलाक कोणता, शिकारी घार कोणत्या झाडावर बसते, हे त्यांना कोणत्याही ग्रंथावाचून ठाऊक असते. शहरातील पक्षिमित्रांनीही त्यांच्यापासून बरेच शिकून घेतले आहे. घरगुती जेवणावळींतून बायांच्या हातात रोख पैसा येतो. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु हा हंगाम चार महिन्यांचा. उन्हाळ्यात उजनी उणे होत जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात तर मृत साठ्याचाही निम्म्याहून अधिक भाग संपला होता. तेव्हा पाहुणेही नसतात आणि जाळ्यात मासळीही नसते. शिवाय चार पैशांचा हिशेब मांडताना मूळ प्रश्न विसरला जातो. तो असा की, या काठावर पाहुण्यासाठी जी होडी आहे ती रहिवाशासाठी कशी आहे?

या प्रश्नाचे उत्तर २१ मे २०२४ रोजी मिळाले. सायंकाळच्या वेळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे सात माणसांना घेऊन एक होडी निघाली. ही सहल नव्हती. कोणी नातलगांकडे निघाले होते, कोणी कामासाठी. मध्येच वादळी वारा सुटला, लाटा उसळल्या आणि होडी उलटली. एक जण पोहून काठाला लागला. सहा जण बुडाले, त्यांत दोन लहान मुले होती. मृतदेह हाती लागावयास राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला दुसऱ्या दिवसानंतरही शोध घ्यावा लागला.

पाण्यावरून होडीने जे अंतर काही मिनिटांचे, तेच रस्त्याने जावयाचे तर धरणाला लांबलचक वळसा पडतो. वरच्या अंगाला भिगवणजवळ डिकसळचा इंग्रजी अमदानीतील पूल, मूळचा आगगाडीचा, पुढे रस्त्यासाठी वापरात आलेला आणि आता जर्जर झालेला. खालच्या अंगाला थेट धरणाकडचा महामार्ग. मधल्या सगळ्या काठाला होडीच. धरणापूर्वी ही गावे एकमेकांची शेजारी होती. उन्हाळ्यात भीमा पायउतार होत असे, पलीकडच्या गावी लेकी दिलेल्या होत्या, बाजारहाट एक होता. धरणाने ते शेजार तोडले, आणि तोडणाऱ्याने ते जोडून देण्याची जबाबदारी घेतली नाही. धरण १९८० साली पुरे झाले आणि होडी २०२४ साली उलटली. मधली ४४ वर्षे राज्यात वेगवेगळ्या पक्षांची सरकारे आली; या दोन तालुक्यांनी आमदार दिले, मंत्री दिले; दोन्ही काठांना साखर कारखाने झाले, त्यांचे अध्यक्ष झाले. दोन काठांना जोडणारा पूल तेवढा झाला नाही. सहा माणसे बुडाल्यावर मात्र कुगाव–शिरसोडी पुलाच्या मंजुरीची चक्रे वेगाने फिरली. मग प्रश्न पडतो की, पुलाचा खर्च टीएमसीत मोजतात, रुपयांत मोजतात, की प्रेतांत?

या काठावर धोक्याची पूर्वसूचना मिळालीच नव्हती असेही नाही. २०१७ च्या एप्रिलअखेर इंदापूर तालुक्यातील अजोतीजवळ सहलीला आलेल्या डॉक्टरांची होडी उलटून चौघांचा मृत्यू झाला होता. तेव्हाही चौकशीची भाषा झाली. २०२१ साली संसदेने अंतर्देशीय जहाजांचा नवा कायदा केला. नोंदणी, तपासणी, सुरक्षासाधने यांची कलमे त्यात आहेत. कायदा छापला गेला. भिगवणपासून कंदरपर्यंतच्या काठावर किती होड्या आहेत, त्यांत किती माणसे बसावीत, जाकिटे कोणी पुरवावीत, वारा सुटला तर होडी थांबविण्याचा हुकूम कोणी द्यावा, हे ठरविणारा माणूस मात्र काठावर कोणी बसविला नाही. पाण्याच्या मधून पुणे आणि सोलापूर या जिल्ह्यांची हद्द जाते, ही तर सोयच झाली. जलसंपदा खाते म्हणते पाणी आमचे, होडी आमची नव्हे. महसूल खाते म्हणते काठ आमचा, पाणी आमचे नव्हे. मेलेली माणसे कोणत्या खात्याची?

कोकणच्या किनाऱ्याचीही हीच कथा आहे, फक्त पाणी खारट आहे. सायकलस्वाराला ज्या फेरीबोटींचे एवढे अप्रूप, त्या आगरदांड्याच्या, बागमांडला–वेश्वीच्या, दाभोळ–धोपाव्याच्या, तवसाळ–जयगडच्या बोटी तेथील लोकांच्या आयुष्यात रम्यतेचा विषय नाहीत. अडलेल्या बाळंतिणीला रात्री शेवटची फेरी निघून गेल्यावर खाडीच्या अलीकडे किती वेळ काढावा लागतो, यावर त्या बोटीचे मोल ठरते. किनाऱ्याने हे दुःख फार जुने सोसले आहे. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिनाही उरला नसताना, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट पावसाळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. ती गटारीच्या सणाला घरी निघालेली कष्टकरी माणसे होती. पुढे किनाऱ्याची बोटसेवा सुधारण्याऐवजी ती हळूहळू बंदच पडू दिली गेली. कोकणाला रेल्वे मिळावी म्हणून नाथ पै आणि मधु दंडवते यांनी संसदेत आणि संसदेबाहेर आयुष्याची वर्षे वेचली, तेव्हा कोठे १९९८ साली ती सलग धावू लागली. परंतु तीही किनाऱ्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याने.

सागरी महामार्गाची कल्पना बॅरिस्टर अंतुले यांच्या काळापासूनची, म्हणजे उजनी पुरे झाले त्याच सुमाराची. चार दशके तो तुकड्यातुकड्यांनी रेंगाळला. बाणकोटच्या खाडीवरील पुलाचे काम सुरू होऊन वर्षानुवर्षे अडून राहिले. आता रेवस ते रेडी सुमारे पाचशे किलोमीटरचा मार्ग आणि त्यावरील मोठमोठे खाडीपूल यांची कामे राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतली आहेत. हे पूल हवेतच. प्रश्न असा की, चाळीस वर्षे तांडेलाच्या भरवशावर सोडलेला किनारा आता एकाएकी सरकारच्या डोळ्यांत का भरला? त्याचे उत्तर प्रकल्पाच्या प्रसिद्धीतच आहे: पर्यटन. किनाऱ्यावरील गावांना बाजारपेठ, दवाखाना, शाळा जवळ यावी ही गरज चार दशके पुरेशी ठरली नाही. मोटारीतून येणाऱ्या पाहुण्याला समुद्र सलग दिसावा ही गरज पुरेशी ठरली. आणि या पर्यटनाच्या जाहिरातीला शोभेचे चित्र म्हणून तो एकटा सायकलस्वार उपयोगी पडतो. त्याचा साधेपणा पुढे, त्याच्यामागून जमिनीचे दलाल. मालवण-वेंगुर्ल्यापासून श्रीवर्धन-मुरुडपर्यंत किनाऱ्याच्या वाड्या कशा भराभर विकल्या जात आहेत हे गावकऱ्यांना विचारावे.

यात आणखी एक उपरोध आहे आणि तो सायकलस्वारांनीच ध्यानात घ्यावयास हवा. ज्या विकासाच्या जाहिरातीत त्यांचे चित्र झळकते, त्या विकासात सायकलला जागा नाही. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी. समृद्धी महामार्गावर बंदी. शिवडी–न्हावाशेवा सागरी सेतूवर बंदी. मुंबईत समुद्रात भराव घालून सार्वजनिक पैशाने बांधलेल्या आणि २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुल्या झालेल्या सागरी किनारा रस्त्यावरही सायकलला मज्जाव. वरळीच्या कोळीवाड्यातला मासेमार आपल्या सायकलवरून आपल्याच समुद्राकाठच्या त्या रस्त्यावर जाऊ शकत नाही. पुण्यात महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला, भाड्याच्या रंगीत सायकली मोठ्या गाजावाजाने आणल्या. काही वर्षांतच त्या नाहीशा झाल्या आणि सायकलमार्गांवर हातगाड्या व मोटारी उभ्या राहिल्या. गरिबाच्या या वाहनावर सप्टेंबर २०२५ पर्यंत बारा टक्के वस्तू-सेवा कर घेतला जात होता, तो त्यानंतर पाच टक्क्यांवर आला.

भिगवणवरून जाणारा पुणे–सोलापूर महामार्ग चौपदरी झाला. पाटसला आणि सरडेवाडीला पथकर घेतला जातो. मोटार भरधाव जाते. पण पळसदेवच्या शाळेत जाणारे मूल, कागद कारखान्याच्या पाळीला निघालेला कामगार, मासळीची टोपली मागे बांधून बाजाराला येणारा म्हातारा यांनी सायकल कोठून चालवावी? कडेच्या दोन हातांच्या पट्टीवरून. त्या पट्टीवर हंगामात उसाने लादलेले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढीत, मागे दिवा नाही, परावर्तक नाही, असे रात्रभर चालत असतात. पुण्याचा सायकलस्वार त्या पट्टीवरून वर्षाकाठी दहा-वीस वेळा जातो आणि तिच्या धोक्याविषयी कळकळीने बोलतो. ती कळकळ खरी आहे. पण येथल्या माणसाला तेथून रोज जावयाचे आहे, त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण नाही आणि त्याच्या मागे दिवा नाही, कारण दिव्याचे पैसे म्हणजे एका दिवसाचा बाजार. दोघांचा शत्रू एकच असताना एकाचे दुःख पुरवणीत येते आणि दुसऱ्याचे पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत, हा वर्गभेद नव्हे तर दुसरे काय?

म्हणून सायकलस्वारांशी भांडण नको, संवाद हवा. परंतु त्यांच्या प्रवासाचे जे बाजारू स्तोत्र झाले आहे ते मोडून काढण्याचे काम कार्यकर्त्यांना करावेच लागेल, आणि ते केवळ लेखाने होणार नाही. सायकल ही आपली जुनी सोबतीण आहे. ती विक्रमवाल्यांच्या हवाली करून कार्यकर्तेच मोटारीत बसले, ही गोष्टही येथे बोलून टाकावी. पूर्वी ज्या तालुका समितीच्या चिटणिसाला महिन्याकाठी चाळीस गावे सायकलने करावी लागत, त्याचा आजचा वारस जिल्ह्याच्या ठिकाणी बैठकीला मोटारीने येतो आणि गावाची खबर भ्रमणध्वनीवर घेतो. काठावरची होडी किती जुनी आहे हे भ्रमणध्वनीवर कळत नाही.

उजनीच्या काठाने एक फेरी सायकलने करता येण्यासारखी आहे. भिगवणहून निघून डिकसळवरून पलीकडे उतरावे, केत्तूर, वाशिंबे, चिखलठाण, कुगाव, कंदर करीत धरणावर यावे आणि शिरसोडी, कळाशी, पळसदेव, कुंभारगाव या बाजूने परतावे. चार-पाच दिवस पुरेत; घाई केली तर दोन दिवसांतही होईल, पण घाई करणाऱ्याने जाऊ नये. प्रत्येक गावी मुक्कामाला किंवा निदान दुपारच्या भाकरीला थांबून चार गोष्टी लिहून आणाव्यात. गावातून रोज किती माणसे पाणी ओलांडतात आणि कशासाठी. होड्या किती, त्यांतील नोंदलेल्या किती, जाकिटे किती. धरणात जमीन गेलेल्या कुटुंबांपैकी पर्यायी जमीन आणि तिला पाणी या दोन्ही गोष्टी किती जणांना मिळाल्या. गाळपेराच्या जमिनीचा ताबा कोणाच्या नावावर आहे आणि प्रत्यक्ष कसतो कोण. पुण्याच्या सायकल मंडळांनाही या फेरीचे निमंत्रण द्यावे. त्यांच्याकडे उत्तम सायकली आहेत, कॅमेरे आहेत आणि इंग्रजी वृत्तपत्रांत ओळखी आहेत. आजवर त्या रोहित पक्ष्यांच्या कामी आल्या, आता एकदा कुगावच्या कामी येऊ द्याव्यात.

पूल उभा राहीपर्यंत दोन्ही काठांवर सरकारी, तपासलेली, विनामूल्य होडीसेवा सुरू झाली पाहिजे आणि तिची जबाबदारी एकाच अधिकाऱ्यावर, त्याच्या नावानिशी, टाकली गेली पाहिजे. ही मागणी पुणे आणि सोलापूर या दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांकडे एकाच दिवशी गेली, तर हद्दीचे कारण सांगावयास जागा राहणार नाही. पुलाच्या बाबतीतही आताच बोलावे लागेल. कुगाव–शिरसोडीचा पूल असो की कोकणातील खाडीपूल, त्यावर पायी जाणाऱ्यासाठी आणि सायकलसाठी कठड्याआडची स्वतंत्र वाट आखली आहे की नाही, हे बांधकाम विभागाच्या कचेरीत जाऊन नकाशावर बोट ठेवून विचारावे. पूल बांधून झाल्यावर त्याची रुंदी वाढत नसते. मुंबईच्या समुद्रावरील सेतूंनी जी बंदी आणली ती येथे येऊ द्यावयाची नसेल, तर हा प्रश्न निविदा निघण्याआधी विचारला गेला पाहिजे, आणि तो विचारण्यास जाणाऱ्या शिष्टमंडळात कळाशीचा मासेमार पुढे असावा, शिरस्त्राणवाला त्याच्या शेजारी.